मण्यांत ओवलेला निरोप

नमस्कार श्रोतेहो.

आफ्रिकेतले पारंपरिक दागिने आणि त्यांचे अर्थ, असा आजचा विषय आहे. पण आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश आणि हजारांवर भाषा. सगळ्यांबद्दल बोलायला गेलं तर कोणाबद्दलच धड बोलणं होणार नाही. म्हणून आज मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, क्वाझुलु-नाताल प्रांतात घेऊन जाते. तिथल्या झुलू बायका काचेचे बारीक मणी ओवून दागिने करतात. कितीतरी वेळा, तोंडाने बोलायची सोय नसते ते या मण्यांतून सांगितलं जातं.

झुलू समाजात आदर राखण्याचे नियम फार कडक. त्यांना म्हणतात ‘ह्लोनिपा’. लग्न झालेल्या बाईने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. इतकंच नव्हे, तर त्या नावासारखा ऐकू येणारा साधा शब्दही टाळायचा आणि त्याच्या जागी दुसरा वापरायचा. तरुण मुलीनेही आपल्या मनातलं उघडपणे बोलून दाखवायचं नाही. एखादा मुलगा मागे लागला तरी तिने लगेच होकार द्यायचा नसतो. तिच्याहून थोड्या मोठ्या मुली, ‘अमाक्हिकिझा’, या सगळ्यावर लक्ष ठेवून असतात. त्यांची संमती मिळाली की मुलगी त्या मुलाला मण्यांचा एक सर पाठवते. त्याला ‘उचू’ म्हणतात. तो त्याच्या गळ्यात दिसला की सगळ्या वस्तीला कळतं, जमलं म्हणून.

पुढचा निरोप जातो तो छोट्या चौकोनी पट्टीतून. दोन-तीन मिलिमीटरचे मणी, सुईदोऱ्याने एकमेकांत घट्ट विणलेले, वर गळ्यात घालायला एक सर. आता रंग बघा. पांढरा म्हणजे निर्मळ प्रेम, आणि पांढऱ्याला वाईट अर्थ नाही. बाकीच्या रंगांना मात्र दोन दोन बाजू. लाल म्हणजे उत्कट ओढ, आणि लाल म्हणजे वाट पाहून पाहून लाल झालेले डोळेही. पिवळ्यात समृद्धी आहे, तसं कोमेजणंही आहे. काळ्यात दुःख आहे. पण परंपरेने लग्न झालेली झुलू बाई काळा चामड्याचा घागरा नेसते, म्हणून काळ्या मण्यांतून मुलगी असंही सुचवते की आता मला तो घागरा नेसायचाय. यातला कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारच्या रंगावरून, आणि त्याहून जास्त त्या दोघांच्यात काय चाललंय त्यावरून ठरतं.

पर्यटकांसाठी छापलेले तक्ते मिळतात. अमुक रंग म्हणजे अमुक भावना, त्रिकोणाचं टोक कुठल्या बाजूला आहे त्यावरून अविवाहित मुलगी की अविवाहित मुलगा, दोन त्रिकोण तळाशी जोडले की विवाहित स्त्री. हे अगदीच खोटं आहे असं नाही. पण मला हे तक्ते पुरेसे वाटत नाहीत. म्सिंगा नावाच्या एकाच भागात रंगांचे वेगवेगळे ठरलेले मेळ आहेत, आणि माणसं मेळावरून ओळखतात की ही बाई कुठल्या वस्तीची. आपल्याकडे मंगळसूत्राच्या घडणीवरून जाणती बाई माहेर-सासरचा प्रांत ओळखते, तसंच हे. कुणी ओवलं आणि कुणाच्या गळ्यात आहे, ते कळल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.

हे मणी मुळात आले परदेशातून. 1824 मध्ये इंग्रज व्यापारी पोर्ट नातालला, म्हणजे आजच्या डर्बनला, उतरले. व्हेनिसचे आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले, मणी तिथून आत जाऊ लागले. त्या काळी मण्यांच्या व्यापारावर झुलू राजाचा ताबा होता, आणि काही मणी फक्त राजघराण्यासाठी राखलेले असत. 1879 च्या युद्धात इंग्रजांनी झुलू राज्य मोडलं आणि मग मणी सर्वसामान्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आले. पुढे तरुण मुलगे कामासाठी जोहान्सबर्गच्या खाणींकडे जाऊ लागले, तसा मागे राहिलेल्या मुलींना या पट्ट्यांचा मोठाच आधार झाला.

आणि आपलंही एक नातं सांगायलाच हवं. व्हेनिसच्या कितीतरी आधीपासून भारतातले काचमणी हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात होते. केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत सापडलेल्या काही मण्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांची काच आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला मिळालेल्या काचेच्या जातीची निघाली. रेवदंड्याच्या खाडीकाठचं चौल! तिथून गेलेल्या मण्यांना आफ्रिकेतल्या बायकांनी कोणते अर्थ दिले असतील, याचा विचार मी नेहमी करते.

केनिया आणि टांझानियातल्या मासाई लोकांत दागिना बापाकडून मुलाकडेही जातो. ‘ओरकातार’ नावाचं कडं बाप गेल्यावर मुलाकडे येतं. ते विकत नाहीत, कुणाला देऊन टाकत नाहीत. असं कडं ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात होतं. मासाई प्रतिनिधींनी तिथे जाऊन ते ओळखलं, आणि हे कडं घराबाहेर गेलंच कसं, असा सवाल केला. मला तो सवाल रास्त वाटतो. कपाटातल्या चिठ्ठीवर धातू आणि माप लिहिता येतं, पण मेलेला बाप आणि त्याचा मुलगा यांच्यातलं देणं तिथे कसं लिहिणार?

आता पुन्हा दक्षिणेकडे. 1962 मध्ये प्रिटोरियात नेल्सन मंडेलांवर खटला सुरू झाला, तेव्हा ते सूट न घालता आपल्या खोसा समाजाच्या पद्धतीचं कातडं पांघरून कोर्टात आले. त्यांच्या पत्नी विनी मंडेलांच्या डोक्यावर मण्यांचा पारंपरिक साज होता. गोऱ्यांच्या न्यायासनासमोर पहिला शब्द उच्चारण्याआधीच दोघांचं म्हणणं सगळ्यांना दिसलं होतं.

आणि सगळ्यात अलीकडची गोष्ट. क्वाझुलु-नाताल हा एचआयव्हीने फार होरपळलेला प्रांत. गावांतल्या बायकांना धोका मोठा, आणि शरीरसंबंधांबद्दल चारचौघांत बोलायची सगळ्यात जास्त बंदी त्यांनाच. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डर्बनमध्ये ‘सियाझामा’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. मणीकाम करणाऱ्या खेड्यातल्या बायका तिथे एकत्र आल्या, आजाराची नीट माहिती घेतली आणि घरी जाऊन ओवायला बसल्या. एड्सची लाल फीत त्यांनी दागिन्यांत विणली, मण्यांच्या बाहुल्यांवर विणली. मुली जुन्या चौकोनी पट्टीतून मुलाला मनातलं सांगत होत्या. त्याच सुईदोऱ्याने या बायका आता आपल्या लेकींना आणि नवऱ्यांना सांगू लागल्या, की हा आजार आपल्या घरात आहे, आणि आपल्याला त्याबद्दल बोलायचं आहे.

नमस्कार.