मुठीत न राहणारी माती

(दृश्य: नेरूळ. रो-हाऊसमागचं अंगण, सकाळची वेळ. वांग्याच्या रोपाच्या आळ्यात तांब्याभर पाणी ओतलं जातं.)

दहा मोजा. पाणी गेलं. दुपारपर्यंत हे रोप मान टाकणार.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला. त्यात बांधकामातली उरलेली रेतीही अंगणातच पसरली जाते. आमच्या अंगणातली माती मी बरणीत पाण्याबरोबर हलवून ठेवली, तेव्हा मिनिटभरात तीन बोटं रेती तळाला बसली. दुसऱ्या दिवशी वर गाळाची जेमतेम नखाएवढी रेघ होती.

(दृश्य: बरणी, जवळून.)

रेतीचा कण 2 मिलिमीटरपर्यंत मोठा असतो, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान. मोठ्या कणांमधल्या फटींतून पाणी सरळ खाली उतरतं, आणि जाताना नत्रही, म्हणजे खतातला नायट्रोजन, घेऊन जातं. म्हणून अशा मातीत खत एकदम ओतू नये, थोडं थोडं द्यावं.

पहिल्या वर्षी मी टेम्पोभर काळी माती आणून नुसती वर पसरली. पावसात तिचा थापा झाला. वर पाणी साचलेलं, खाली रेती कोरडीच. फार वाईट वाटलं होतं.

रेतीला हवा असतो तो सेंद्रिय भाग. शेणखताचा दोन इंच थर द्यायचा आणि कुदळीनं वीतभर खोल मिसळायचा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या शेणातून हुमणीची अळी येते आणि मुळं कुरतडते.

(दृश्य: रस्त्याकडेला पर्जन्यवृक्षाच्या पानांचा सडा.)

ही पानं कचरागाडीत जाताना मला बघवत नाहीत. मी ती पोत्यात भरते, पोत्याला भोकं पाडते, पाणी मारून कोपऱ्यात ठेवते. पावसाळाभर कुजून दिवाळीच्या सुमारास ती काळी, भुसभुशीत होतात. न कुजलेली सुकी पानं रोपांभोवती आच्छादन म्हणून पसरली, तरी उन्हात ओल टिकते.

रिकाम्या वाफ्यात जूनमध्ये खतासाठी ताग पेरायचा. दीड महिन्यात फुलावर आला की कापून तिथेच गाडायचा. गणपती होईपर्यंत तो मातीत मुरलेला असतो.

तसं रेतीत काही येत नाही असंही नाही. मंडईत समुद्रमेथीची ती चिमुकली जुडी मिळते ना, मुळांना रेती चिकटलेली? ती रेतीतच वाढते, फक्त पाणी वरचेवर द्यावं लागतं.

(दृश्य: ओल्या मातीची मूठ. मूठ उघडते.)

तीन वर्षांपूर्वी ही बोटांतून निसटून जायची. आता तिचा गोळा राहतो आणि बोटानं टोचला की सहज फुटतो. हा बघा, आत गांडूळ.

आपल्या उन्हापावसात सेंद्रिय भाग झपाट्यानं संपतो, म्हणून दरवर्षी भर घालावीच लागते. कालच चार घमेली शेणखत आलंय. पहिला पाऊस पडायच्या आत ते मातीत जायला हवं.

(दृश्य: कुदळीचा पहिला घाव.)