मान हलली, एवढंच सांगा

बैठकीत कुणीतरी विचारतं, “तुम्हाला काय वाटतं?” नाव घेत नाही, नुसतं एकाकडे बघतं. डोळस माणसांना प्रश्न कुणाला आहे ते लगेच कळतं. अंध व्यक्तीला मात्र थांबावं लागतं. दुसरं कुणी बोललं तर प्रश्न त्याला होता, सगळे गप्प राहिले तर बहुधा आपल्याला! पांढरी काठी रस्त्यावर सोबत करते, इथे तिचा उपयोग नाही.

समोरच्याची नजर, चेहरा, हालचाल अंध व्यक्तीलाही कळावी, या गरजेवर अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ सेतुरामन पंचनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं. चष्म्यात बारीक कॅमेरा आणि कमरेला कंप देणारा पट्टा. समोर चेहरा दिसला की तो ज्या दिशेला असेल, त्या बाजूला पट्टा थरथरतो. माणूस किती लांब आहे, ते थरथरीच्या लयीवरून ओळखायचं.

कंपच का, यंत्रानं कानात सांगितलं तर? अहो, कान रिकामा असतो कुठे? शब्द, आवाजातली नाराजी, खुर्ची सरकल्याची चाहूल, सगळं तिथेच येतं. त्यात यंत्राची बडबड सुरू झाली, तर समोरचा काय म्हणाला तेच हुकायचं. त्वचा त्या मानानं मोकळी असते. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रिटा यांनी १९६९ सालीच खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवून कॅमेऱ्यातलं चित्र माणसाच्या पाठीवर उमटवलं होतं.

ॲरिझोनाच्याच गटानं २०१० मध्ये एक हातमोजा मांडला. बोटांच्या मागच्या बाजूला १४ छोट्या मोटारी. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, प्रत्येकाची थरथर वेगळी. कल्पना सुरेख आहे, पण माझं मन इथे अडतं. कपाळाला आठी पडली म्हणजे राग आलाच असं नाही. ऊन डोळ्यांवर येत असेल, मुद्दा अवघड वाटत असेल. डोळस माणूसही फसतो, पण त्याला आठी दिसत असते, त्यामुळे तो पुन्हा बघून मत बदलू शकतो. यंत्रानं थेट ‘राग’ असं कळवलं, तर अंध व्यक्तीनं ते कशावर पडताळायचं? मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सेवा सर्वांसाठी देणं बंद करायचं ठरवलं, ‘सीइंग एआय’ या अंधांसाठीच्या ॲपला मात्र सवलत ठेवली. हेतू चांगलाच आहे. तरी यंत्रानं भुवया आवळल्या, मान हलली, तो उठून गेला एवढंच सांगावं. अर्थ लावायला माणूस समर्थ आहे. आणि सांगायचं ते तिथल्या तिथे सांगावं. होकाराची मान क्षणभरच हलते, वाक्य पुढे गेल्यावर ती बातमी शिळी होते.

समोरच्याचं काय? त्यालाही कॅमेऱ्याची कल्पना हवी. मायक्रोसॉफ्टच्याच ‘प्रोजेक्ट टोकियो’ या संशोधन प्रकल्पात अंध व्यक्तीच्या डोक्यावरच्या यंत्राला दिव्यांची पट्टी होती. सर्वांत जवळच्या माणसाच्या दिशेनं पांढरा दिवा सरकायचा आणि ओळख पटली की हिरवा व्हायचा. आपण आल्याचं या अंध व्यक्तीला कळलं आहे, हे त्या माणसालाही मग न विचारता समजायचं.