दुतोंड्या मारुती आणि वेबसाइटचं कुलूप

(दृश्य: गोदाघाट, पावसाळा)

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकच्या भानगडीत पडत नाहीत. एकच विचारतात, "मारुतीला कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे गावाचं पूरमापक. भर नदीत उभं, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसणारं. भांडीबाजारात माल वर चढवायची घाई सुरू होते ती त्याच्याकडे बघूनच.

वेबसाइटसाठी असा मारुती उभा करता येतो?

जून २०१५. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं आपल्या खात्यांना सांगितलं, ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत सगळ्या सार्वजनिक वेबसाइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, आणा. आता, हुकूम काय, कुठलंही सरकार काढतं. खरी गंमत 'पल्स' नावाच्या उघड्या फलकात होती. कुठल्या खात्याच्या कुठल्या साइटला कुलूप लागलं, कुठल्या नाही, सगळं नावानिशी. तपासणी बाहेरून, यंत्रानं. त्यामुळे 'काम प्रगतिपथावर आहे' असं कळवून मोकळं व्हायची सोयच नव्हती!

हे कुलूप म्हणजे काय, तर आपण पाठवलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येत नाही. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, ते कुलूप सांगत नाही. ठगांच्या साइटलाही ते असतं.

(दृश्य: गंगापूर रोडवरची अभ्यासिका)

इथला एक विद्यार्थी दृष्टिहीन आहे. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पडदा वाचून दाखवतं. एका अर्जाच्या पानावर त्याच्या कानावर येतं, "ग्राफिक. बटण. बटण." यातलं 'जमा करा' कुठलं? शेजारच्या मित्राला हाक मारावी लागते. मित्राला दिसतं म्हणून पासवर्डही मित्रालाच सांगावा लागतो. सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांनाही साइट स्वतः वापरता येणं, नसली की सुरक्षितता अशी मागच्या दारानं निघून जाते.

'वेबएम' ही अमेरिकी संस्था २०१९पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटची पहिली पानं सुगम्यतेसाठी तपासून निकाल जाहीर करते. २०२४मध्ये ९५.९ टक्के पानांवर यंत्राला सापडतील अशा चुका होत्या. सर्वांत जास्त आढळली ती फिकट अक्षरं. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचं वर्णन, नसणं हीही नेहमीचीच चूक. आणि यंत्राला फक्त मजकूर आहे की नाही एवढंच कळतं. त्या जागी कुणी 'फोटो १' लिहिलं, तरी यंत्र खूश. तिथे या विद्यार्थ्याचाच कान लागतो.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, ठरावीक काळानं सुगम्यता तपासणीही करायला सांगितली. पण तपासणीचा अहवाल फायलीत राहिला तर? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मागण्याआधीच माहिती द्या म्हणतं. हा अहवाल त्याच साइटच्या पहिल्या पानावर लावायला काय हरकत आहे? तारखेसकट, उरलेल्या चुकांसकट.

(दृश्य: पुन्हा अभ्यासिका. माउस बाजूला. फक्त टॅब कळीचा आवाज.)

"बटण. बटण. ग्राफिक."