रक्तातले पट्टे: अवाशचे बॅबून

(दृश्य: अवाश नदीचा धबधबा; खडकांवरून उतरणारा कळप)

इथिओपियातलं अवाश राष्ट्रीय उद्यान. धबधब्याच्या वरच्या अंगाला अनुबिस जातीचे बॅबून, म्हणजे मोठी माकडं, राहतात: शेवाळी तपकिरी, काळपट तोंडाचे. खालच्या कोरड्या भागात हमाद्रियास ही दुसरी जात. त्यांच्या नराच्या खांद्यावर रुपेरी आयाळ, तोंड गुलाबी. मधल्या पट्ट्यात दोघांचा संकर झालाय, आणि कुणात कुणाचा किती अंश हे नुसत्या केसांवरून ठरवता येत नाही. म्हणून रक्तातली प्रथिनं तपासतात.

(दृश्य: मक्याचं आमिष, जाळीचा पिंजरा)

पिंजऱ्यात आलेल्या प्राण्याला केटामाइनची भूल देतात, किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम. वजनाचा अंदाज चुकला तर प्राणी अर्धवट शुद्धीत राहतो आणि सुई टोचताना धडपडतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत त्याला मोकळं सोडायचं नाही. लटपटत झाडावर चढला तर पडतो.

(दृश्य: जवळून, मांडीची शीर, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची नळी)

रक्त मांडीच्या शिरेतून, सावकाश. सिरिंज जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) लालसर होतो. मग सुटलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन या प्लाझ्मातल्या प्रथिनाला चिकटतं आणि हॅप्टोग्लोबिनचे पट्टे वाचणं अवघड होतं. नळी लगेच बर्फात. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवली की वर प्लाझ्मा, खाली पेशी. पेशी सलाइनने धुऊन वेगळ्या ठेवायच्या, कारण एन्झाइमं त्यांच्यातून मिळतात.

(दृश्य: जेल, वीजप्रवाह, निळे पट्टे)

बटाट्याच्या स्टार्चचं जेल, खरवसाच्या वडीसारखं थरथरणारं. चिरेत प्लाझ्मात भिजवलेला गाळणकागदाचा तुकडा ठेवून वीज सोडतात. विद्युतभार वेगळा, तर धावही वेगळी. रंग दिल्यावर ट्रान्सफेरिनचा (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा) एक पट्टा दिसला तर आईबापांकडून एकच प्रकार आलाय. दोन दिसले तर दोन वेगळे. पण इथे फसगत होते. नमुना उबदार राहून जंतू वाढले की ट्रान्सफेरिनला जोडलेलं सियालिक आम्ल (एक प्रकारची भारित साखर) सुटतं, पट्टा मागे रेंगाळतो आणि नवाच प्रकार सापडल्यासारखं वाटतं. लोहाचं प्रमाण कमीजास्त असलं तरी पट्टे हलतात, म्हणून आधी लोहक्षार घालून सगळे नमुने सारखे करून घ्यायचे. शंका आली तर ओळखीचा नमुना शेजारी लावून पुन्हा चालवायचं. याला आळस करून चालत नाही.

(दृश्य: नळ्यांवरची लेबलं)

लेबलवर कळपाचं नाव हवंच. एकाच कळपातली भावंडं वेगवेगळी धरून मोजली, तर त्या घराण्याचा प्रकार अख्ख्या प्रदेशाचा वाटू लागतो.

(दृश्य: संकरित नर, मिश्र कळप)

1977 मध्ये शोताके, नोझावा आणि तानाबे यांनी अशाच रक्तप्रथिनांवरून अनुबिस आणि हमाद्रियास यांच्यातली जनुकांची देवाणघेवाण मांडली. पुढे डीएनए आला, तो विष्ठेतूनही मिळतो. ट्रान्सफेरिनचा हा पट्टा वाचायचा तर मात्र रक्तच लागतं.