घमेल्याशिवाय पंक्चर

(नाशिकमधल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘वाळवंटातील जलव्यवस्था’. असला विषय छापला की निम्मी माणसं घरीच बसतात, हे मी संयोजकांना आधीच सांगितलं होतं. म्हटलं, ‘बिकानेर ते तनोट सायकलवर’ असं छापा. तनोट म्हणजे राजस्थानात पाकिस्तानच्या सीमेजवळचं गाव, आम्ही चौघं तिथे सायकलने गेलो होतो. ते म्हणाले, सर, मग सायकलवाले येतील आणि पाणीवाले येणार नाहीत. आता समोर बघतो तर दोघंही दिसतायत, आणि मागच्या दोन रांगा चहासाठी आलेल्या दिसतायत. बसा, बसा, चहा व्याख्यानानंतरच आहे, मी विचारून घेतलंय.

आधी एक गैरसमज दूर करतो. नाशिकमध्ये सायकल म्हटली की लोकांना महाजन बंधू आठवतात. दोघंही डॉक्टर. २०१५ साली त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत, आणि त्यात अॅरिझोनाचं वाळवंट. आम्ही त्या जातीचे नाही. आमच्या चौघांची वयं मिळून सव्वादोनशे. एक दातांचा डॉक्टर, एक पिंपळगावचा द्राक्षबागाईतदार, एक बँकेतून निवृत्त झालेला, आणि मी मास्तर. आमचा सराव म्हणजे रविवारी सकाळी त्र्यंबकला जाऊन यायचं आणि येताना मिसळ खायची. जेवढं जाळलं त्याच्या दीडपट परत भरलं, की सराव संपला.

सायकली आम्ही पार्सलने पुढे पाठवल्या. कोणाकडून पाठवल्या ते सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी त्यांच्याकडूनच पाठवायच्यात. खोक्यावर चारी बाजूंनी ‘ही बाजू वर’ असा बाण काढला होता. बागाईतदाराने द्राक्षांच्या पेट्यांच्या सवयीने काढला. चारी खोकी आडवी आली, आणि डॉक्टरच्या सायकलचा मागचा गियर ज्या पट्टीला लटकतो ती हँगरची पट्टी वाकून चाकाच्या तारांना टेकलेली. बिकानेरात एका लोहाराने ती दोन पान्यांत धरून सरळ केली. डॉक्टर शेजारी उभा राहून ‘हळू, हळू’ म्हणत होता. तीस वर्षं खुर्चीतले पेशंट त्याला हेच म्हणतात.

डिसेंबरात निघालो. का, तर वाटेत फलोदी लागतं. १९ मे २०१६ ला तिथे ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला उच्चांक. डिसेंबरात मात्र पहाटे हातमोजे घालून निघायचं आणि अकराला टोपी शोधायची. बिकानेर, कोलायत, फलोदी, पोकरण, जैसलमेर. पोकरणपर्यंत आम्ही इतके जोरात आलो की बँकवाला म्हणाला, आपण उगाच साठीला घाबरत होतो. एका धाब्यावर थांबलो आणि लक्षात आलं, आमच्या पाठीमागून वारा होता. अंगात आलेलं सगळं बळ त्याचं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नाही, मुख्य विषय नव्हे. मुख्य गोष्ट.

जैसलमेर सोडून आम्ही रामगढकडे निघालो होतो. रस्ता सुरेख डांबरी, गाडी दहा मिनिटांत एखादी. बागाईतदाराला लांबवर खेजडीचं झाड दिसलं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. पांडवांनी शमीवर शस्त्रं ठेवली, आपण सायकली टेकवू आणि फोटो काढू, असं त्याचं म्हणणं. (आपल्या पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत, हे सांगायची मला खोड आहे. तिथेही सांगितलं. कोणी ऐकलं नाही.) डांबर सोडून वीस पावलं सायकली ढकलत नेल्या. फोटो झाला. परत रस्त्यावर येईपर्यंत माझं पुढचं चाक बसलं.

सराटा. तिकडे गोखरू म्हणतात. ज्याने लहानपणी शेतात अनवाणी पाय टाकलाय त्याला वर्णन नको.

आता पंक्चर शोधायचं कसं? मी विचारतोय, सांगा. बरोबर, घमेल्यात पाणी घ्यायचं, ट्यूब बुडवायची, बुडबुडे बघायचे. सातवीत असताना शिकलो, आजवर कधी प्रश्न पडला नाही. घमेलं नव्हतं, बँकवाल्याकडे भाताचं पातेलं होतं. प्रत्येकाकडे पाच-पाच लिटर पाणी. मी दोन बाटल्या पातेल्यात ओतल्या. वाऱ्याने वाळू येऊन पाण्याला लगेच चहाचा रंग आला.

तेवढ्यात शेळ्या आल्या आणि शेळ्यांच्या मागे एक म्हातारबाबा. सत्तरीचे असतील. डोक्याला साफा, हातात काठी. आधी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘‘इतना पाणी? एक छेद के लिए?’’

मी छत्तीस वर्षं शाळेत होतो. निरीक्षक बघितले, संस्थाचालक बघितले, पालक बघितले. इतकं कोणी मला वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं.

ते खाली बसले. ट्यूब माझ्या हातातून घेतली, म्हणाले, हवा भर. भरली. त्यांनी जिभेने खालचा ओठ ओला केला, डोळे मिटले, आणि ट्यूब ओठांसमोरून सावकाश फिरवायला लागले. इंच-इंच. एका जागी थांबले, तिथे थुंकीचं बोट लावलं. टिकलीएवढा बुडबुडा. पुढे सरकले, दुसरा. पातेल्यात मला एकच सापडला होता! मग टायर घेतलं आणि साफ्याचं टोक आतल्या बाजूने फिरवलं. कापड अडकलं की तिथे काटा. तीन काटे निघाले. बोटाने चाचपलं असतं तर रक्त निघालं असतं. ठिगळं मी लावली, घासकागद आणि सोल्यूशन आमचं. तेवढी अब्रू राहिली.

पातेल्यातलं गढूळ पाणी मी ओतायला उचललं तर त्यांनी मनगट धरलं. पातेलं खाली ठेवायला लावलं. शेळ्या प्यायल्या. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा निवळला. तूप सांडलं तर चालेल, पाणी सांडलं की जीव जळतो, अशी त्या मुलखात म्हण आहे.

मग ते आम्हाला त्यांच्या बेरीवर घेऊन गेले, म्हणजे आता खरा विषय... चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ हे अक्षर कोणाचं आहे मला माहीत आहे, माझाच विद्यार्थी.

बरं, भराभर सांगतो. बेरी म्हणजे अरुंद विहीर, तोंड त्या पातेल्याहून थोडं मोठं, वर झाकण. त्या भागात खोलवरचं पाणी खारं. पण काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी त्या थरावर अडतं, खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वाळूत ओल होऊन राहतं. आपली काळी जमीन तापली की भेगाळते आणि ओल उडते. वाळूला भेगा पडत नाहीत. ती ओल बेरीत थेंबाथेंबाने पाझरते. दुसरं, खडीन. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालायचा, पाणी शेतात अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा. तिसरं, टांका. भोवतालचं अंगण उतरतं करून पाऊस झाकलेल्या टाक्यात घ्यायचा. आणि हे सगळं कुठे? जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. इगतपुरीला ३,००० च्या पुढे. आणि उन्हाळ्यात टँकर कुठे फिरतो? इगतपुरी, पेठ, सुरगाणा. हसू नका, मी पेठला नोकरी केली आहे. टँकर आला की पोरी वर्गातून उठून जायच्या, आणि मी हजेरीत त्यांना गैरहजर लावायचो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, सह्याद्रीचा काळा दगड, पाणी उतरतं आणि जातं, दमणगंगेतून थेट समुद्रात. मान्य. पण याच दगडात पांडवलेण्यांत पाण्याची टाकी खोदली आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. डोंगरावरचं पाणी टाक्यात, म्हणजे टांकाच की! तिथल्याच एका लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपण केलेली दानं मोजतो, त्यात तळी आहेत, विहिरी आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. सटाण्याकडे मोसम आणि आरम नद्यांवरची फड पद्धत... बंधारा, पाट, आणि पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघणारा पाटकरी... त्यावर मी तीन पानं लिहून आणली होती, ती आता खिशातच राहणार. वाळवंटातही सगळं आलबेल आहे असं समजू नका. पंजाबातल्या हरिकेहून निघालेला इंदिरा गांधी कालवा आता त्या भागात पोचलाय, नळ आलाय. बाबांचा नातू बेरीवर जात नाही. कशाला जाईल? मीही गेलो नसतो.

तनोटचं राहिलं, १९७१ च्या लढाईच्या लोंगेवालाचं राहिलं. दुसरी चिठ्ठी आली, तिच्यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे.

ट्यूब मी बरोबर आणलीय, बाहेर टेबलावर ठेवतो. डबीत तेच तीन काटे आहेत. ज्यांना ओठाने पंक्चर शोधून बघायचंय त्यांनी चहा प्यायच्या आधी या, गरम चहानंतर ओठाला काही कळत नाही. आणि संयोजकांनी घमेलं मागवलं असेल तर ते परत पाठवा.