सहाव्या जागेचा शेजार : सिकलसेलचं हिमोग्लोबिन पडद्यावर

प्रथिन पडद्यावर फिरवायला मजा येते, पण पाच मिनिटंच. मग कंटाळा येतो, कारण फिरवण्याआधी प्रश्न ठरलेला नसतो. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही; बाकीच्यांसाठी, तो रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे मणी. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा फरकाने तांबडी पेशी विळ्यासारखी का वाकते?

मोल-स्टार (Mol*) हा रेणूंच्या रचना दाखवणारा प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. माउस मात्र हवा, टचपॅडवर हात दुखतो. रचना मिळतात प्रोटीन डेटा बँकेत. १९७१ साली ती सात रचनांवर सुरू झाली. प्रत्येक रचनेला चार अक्षरांची खूण असते. निरोगी माणसाचं, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन म्हणजे ४एचएचबी आणि सिकलसेलचं २एचबीएस. (शोधताना हे रोमन लिपीत टाइप करा, नाहीतर काहीच सापडायचं नाही.)

आधी ४एचएचबी उघडा. ए आणि सी या अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ आम्लांच्या; बी आणि डी या बीटा. चारही साखळ्यांत एकेक हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग. आता रिबन (फितीसारखं चित्र) बंद करून स्पेसफिल (प्रत्येक अणू भरीव गोळ्यासारखा) लावा. मघाशी फितींच्या मधे दिसणारी पोकळी नाहीशी होते, अणू एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. रिबन हा साखळीचा मार्ग दाखवणारा नकाशा आहे, प्रथिनाचं रूप नव्हे. हा फरक डोक्यात बसला नाही की पुढे हमखास घोटाळा होतो: फितीत भोक दिसतं आणि विद्यार्थी तिथे औषधाचा रेणू बसवायला जातो.

आता २एचबीएस. यात हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू शेजारीशेजारी आहेत. एकच दिसत असेल तर उजवीकडच्या पॅनेलमध्ये असेम्ब्लीऐवजी (जुळवलेला पूर्ण रेणू) मॉडेल (मूळ फाइल जशीच्या तशी) निवडा. उलटी अडचण १एचएचओमध्ये येते. ऑक्सिजन जोडलेल्या त्या रचनेच्या मूळ फाइलमध्ये अर्धाच रेणू असतो; तिथे असेम्ब्लीच घ्यावी लागते.

बीटा साखळ्या बी, डी, एफ आणि एच. वरच्या सीक्वेन्सच्या पट्टीत एकेक साखळी निवडून सहाव्या व्हॅलिनवर क्लिक करा. कॅमेरा तिथे जातो आणि पाच अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आतले शेजारी आपोआप उघडतात. समोर अणूंची गर्दी झाली तर शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवा, पुढचा भाग कापला जातो. चारही व्हॅलिन पाहा, घाई करू नका. शेजार सगळ्यांना मिळत नाही. ज्याला मिळालाय, त्याच्याजवळ दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतलं ८५ वं फेनिलअॅलनिन आणि ८८ वं ल्युसिन दिसेल. दोन्ही पाण्याला टाळणारी. व्हॅलिनही त्याच जातीचं, म्हणून ते त्या खोबणीत जाऊन बसतं. अंतर मोजलंत तर कार्बन ते कार्बन चार अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल. दशांशाखाली दोन आकडे मात्र लिहू नका. ही रचना २.०५ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनची (तपशील किती बारीक दिसतो त्याचं माप) आहे, तेवढी अचूकता तिच्यात नाही.

आता ४एचएचबीत सहावं ग्लुटामिक आम्ल पाहा. ते ऋणभारित, बाहेर पाण्याकडे तोंड करून बसलेलं. त्याला त्या खोबणीत शिरायचं काही कारणच नाही. खोबणी मात्र निरोगी हिमोग्लोबिनातही आहे! कुलूप आधीपासून होतंच, उत्परिवर्तनाने फक्त किल्ली आली. आणि ती लागते ऑक्सिजन सुटल्यावर. मग रेणूला रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात आणि पेशी वाकते.

एक खबरदारी. जनुकीय अहवालात हाच बदल सातव्या जागी लिहिलेला दिसेल, कारण तिथे सुरुवातीचं, साखळी बनताना पुढे गळून पडणारं मेथिओनिन हे आम्लही मोजतात. चूक कुणाचीच नाही, पण क्लिक चुकतं. आल्फाफोल्डचं (आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम) मॉडेल घेऊन हा प्रश्न सोडवू नका. एकट्या साखळीच्या मॉडेलमध्ये हीम नसतं, दुसरा रेणू नसतो. आणि आपली सगळी गोष्ट तर शेजाऱ्याची. शिवाय प्रयोगातून आलेल्या फाइलमध्ये ज्या रकान्यात अणूंची अस्थिरता असते, तिथे आल्फाफोल्ड खात्रीचा आकडा लिहितं. एकीकडे मोठा आकडा वाईट, दुसरीकडे चांगला. रंग उलटे वाचले जातात.

तपासणी शिबिरातल्या दोन चाचण्या आता पडद्यावरच्या चित्राशी ताडून पाहा. सोल्युबिलिटी चाचणीत डायथायोनाइट हे रसायन ऑक्सिजन काढून घेतं, खोबणीतली जोडणी सुरू होते आणि नळीतलं द्रावण गढूळ होतं. वाहकाचं (ज्याचं एकच जनुक सिकलचं आहे त्याचं) रक्तही गढूळच होतं, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने प्रथिनं भारानुसार वेगळी करणारी चाचणी) लागतं. ते समजायला रेणू भारानुसार रंगवा. प्रत्येक बीटा साखळीवरचा एक ऋणभार गेलेला दिसेल, म्हणजे रेणूमागे दोन. अल्कधर्मी द्रावणात सिकलचा पट्टा धनाग्राकडे (विजेच्या धन टोकाकडे) जाताना मागे पडतो तो यामुळेच. वाहकाचे दोन पट्टे दिसतात, दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या रुग्णाच्या नमुन्यात साध्या हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो, अर्थात त्याला नुकतंच रक्त चढवलेलं नसेल तर.