भरलेली बाटली तशीच परत
नमस्कार मंडळी, आज प्यायच्या पाण्याबद्दल बोलायचंय, आणि खास करून आपल्या बायकांशी.

सातची गाडी पकडायची असली की बाई अर्धा कप चहा घेते आणि पाण्याला हातच लावत नाही, कारण स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही. मी पण नोकरीची बारा वर्षं हेच केलं, बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची. मग लघवीला जळजळ, दर उन्हाळ्यात, आपल्याकडे म्हणतातच ना उन्हाळी लागली, आई धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची, बरं वाटायचं, मला तर आता वाटतं त्या निमित्तानं दोन तांबे पाणी पोटात जायचं म्हणूनच. पण एकदा थंडी वाजून ताप भरला, कंबरेत कळा, आणि डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय.

बघा, किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात, दीड-दोन लिटर तेवढं बाहेर सोडतात. आपण प्यायलोच नाही तर लघवी घट्ट होते, क्षार साचून खडे होतात, तोच मुतखडा. त्यात बायकांची मूत्रनळी जेमतेम 4 सेंटिमीटरची, जंतू पटकन वर चढतात, आणि लघवी दाबून ठेवली की त्यांचं फावतंच.

किती प्यायचं? ग्लास मोजत बसू नका, लघवीचा रंग बघा. फिकी पिवळी असली तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं पण पिवळीजर्द होते, तेव्हा घाबरू नका). ताक, पन्हं, कोकम सरबत सगळं चालतं. जुलाब लागले तर मात्र नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस द्या, पुडी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि माप चुकवू नका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यांना विचारत बसू नका, तांब्या-भांडं हातातच द्या. हार्टचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी ते डॉक्टरच सांगतील.

आणि बायांनो, उद्या पाणी पिऊन निघा. संडासाला कुलूप दिसलं तर कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन चावी मागा, मी मागते आता, आधी लाज वाटायची, आता मागे अजून दोघीतिघी येऊन उभ्या राहतात.